बाजारात ‘आजचेच आहेत’ म्हणून मिळणारे मासे खरंच ताजे असतात का, आणि ओळखायचे कसे?

तुम्ही लिहिलंय की नागपूरहून पुण्यात आलात, आत्तापर्यंत रोहू-कटलाच माहीत होते, आता समुद्राचे मासे खायला लागलात तर प्रत्येक मासेवाली मावशी "आजचेच आहेत" म्हणते, मग खरं कुणाचं धरायचं, त्या फॉर्मालिनची (मासा सडू नये म्हणून लावतात त्या रसायनाची) भीती खरी आहे का आणि घरी आणल्यावर किती दिवस ठेवायचे. तीन प्रश्न आहेत, पण उत्तर फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतं म्हणून एकत्रच लिहिते. मी अलिबागकडची, लग्नानंतर पुण्यात, आणि मधली तीन वर्षं तळोज्याला एका मासे एक्सपोर्ट करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होते, म्हणजे दिवसभर माशाच्या पोटात थर्मामीटर खुपसायचा आणि वहीत आकडा लिहायचा एवढंच काम.

तर पहिलं म्हणजे "आजचा" हा शब्द डोक्यातून काढून टाका. पुण्यात समुद्र नाही. मोठे ट्रॉलर एकदा गेले की आठ-दहा दिवस बाहेर असतात, पहिल्या दिवशी जाळ्यात आलेली सुरमई बोटीच्या पोटातल्या बर्फात आठवडाभर पडून असते आणि शेवटच्या दिवशीची तिच्याच शेजारी. मग मुंबईत ससून डॉकला नाहीतर भाऊच्या धक्क्याला पहाटे माल उतरणार, लिलाव होणार, टेम्पोत भरून घाट चढणार, गणेश पेठेत उतरणार, तिथून तुमच्या भागातल्या मावशीकडे. ती "आजचा" म्हणते म्हणजे तिच्याकडे आज आलाय, खोटं बोलत नाहीये ती बिचारी. तुम्ही प्रश्न चुकीचा विचारताय एवढंच.

विचारायचं, किंवा न विचारता बघायचं, ते हे की जाळ्यातून निघाल्यापासून मासा बर्फात होता का. मासा मेला की त्याच्या कल्ल्यांतले, पोटातले, कातडीवरचे जिवाणू कामाला लागतात आणि त्यांना फक्त थंडी आवरते. शून्य डिग्रीला मासा जेवढा एका दिवसात उतरतो, म्हणजे खराब होतो, तेवढा दहा डिग्रीला साधारण सहा तासांत उतरतो, आणि आपल्याकडे मार्च-एप्रिलात दुपारी तीस-पस्तीस डिग्री असतात, तिथे तर तासांचाच हिशोब. त्यामुळे नीट बर्फात ठेवलेली पाच दिवसांची सुरमई ही आज पहाटे पकडून दुपारपर्यंत उघड्यावर पडलेल्या सुरमईपेक्षा कधीही चांगली. हे लोकांना पटत नाही. मला कारखान्यात पहिल्या महिन्यात पटलं, कारण माल उतरला की वास घेण्याच्या आधी आम्ही तापमान बघायचो आणि चार डिग्रीच्या वर गेलेला माल बाहेरून कितीही चकचकीत दिसला तरी बाजूला जायचा.

गावच्या बाजारातला एक प्रसंग सांगते. सुट्टीत गेले होते, एका वयस्कर मावशीकडे हलवा (काळं पापलेट) होता, मी आपली शहाणी, कल्ले उघडून बघितले आणि म्हटलं, मावशी, कालचा आहे ना हा? त्या म्हणाल्या, "कालचा न्हाय गो बाय, परवाचा हाय. पन बर्फातला हाय, घे." आणि टोपलीवरचं ओलं गोणपाट उचलून दाखवलं, खाली बर्फाचा चुरा, त्यावर मासे, त्यावर परत चुरा, आणि टोपली विटांवर ठेवलेली म्हणजे वितळलेलं पाणी खालून निघून जाईल. एवढं आमच्या कारखान्यातल्या नव्या पोरांना शिकवायला आठवडा लागायचा. हलवा घेतला, उत्तम निघाला.

त्यामुळे बाजारात गेलात की आधी माशाकडे नाही, फळीकडे बघा. बर्फ वर शोभेला चार खडे टाकलाय का माशाच्या खालीवर आहे? ढोबळ हिशोब असा की जेवढा मासा तेवढाच बर्फ वजनाला हवा, पुण्यात तेवढा कुणी टाकत नाही पण निम्मा तरी दिसला पाहिजे. बर्फाचे मोठमोठे ढेकळे चालत नाहीत, मध्ये हवा राहते आणि नाजूक मासा चेंगरतो, चुराच लागतो. मासे वितळलेल्या लालसर पाण्यात पोहत असतील तर तिथून पुढे सरका, बर्फाचं ते पाणी म्हणजे वरच्या सगळ्या माशांचं धुवण असतं. आणि बादलीतल्या एकाच पाण्याने दर पाच मिनिटांनी मासे धुऊन चमकवणारे असतात ना, त्यांच्याकडून मी घेत नाही, मग मासा कुठलाही असो.

आता माझीच फजिती सांगते म्हणजे वरचं सगळं का लिहिलं ते कळेल. तीनेक वर्षांपूर्वी आम्ही दापोलीला गेलो होतो, परत निघायच्या दिवशी सकाळी हर्णैच्या बंदरावर लिलाव बघायला गेलो. होड्यांतून माल उतरतोय, वाळूवर ढीग लागलेत, बोली चालल्यात, ते बघून कुणाचाही हात सुटतो. आम्ही वीस-बावीस बांगडे घेतले, काय बांगडे होते, पाठीवरचे हिरवे-निळे पट्टे काचेसारखे, हातात आडवा धरला तर शेपूट खाली वाकत नव्हती इतके ताठ. शेजारीच बर्फवाला हाका मारत होता. मी, तीन वर्षं क्वालिटीला काम केलेली बाई, नवऱ्याला म्हणाले की आत्ता तर निघालेत समुद्रातून, बर्फ कशाला, डिक्की भिजेल. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, डिक्कीत. मग वाटेत मुरूडचा किनारा, मग जेवण, मग मंडणगड, महाड, ताम्हिणीत भजी, घरी पोचायला रात्रीचे आठ. पिशवी उघडली, वास घेतला, काही वावगं नाही. तळले आणि खाल्ले.

अर्ध्या तासात नवऱ्याचे कान आणि मान लालभडक. नणंद म्हणाली जिभेवर मिरी ठेवल्यासारखं चुरचुरतंय आणि छातीत धडधडतंय. माझं डोकं ठणकायला लागलं. आम्हाला वाटलं मसाल्याची ॲलर्जी, शेजारच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी तपासून पहिला प्रश्न विचारला, "कुठला मासा खाल्लात?" बांगडा म्हटल्यावर हसले, गोळ्या दिल्या आणि चार-पाच तासांत सगळे ठीक झालो. आणि मला जमिनीत तोंड लपवावंसं वाटलं, कारण हिस्टामिन हा शब्द मी तीन वर्षं रोज वहीत लिहीत होते. बांगडा, सुरमई, कुपा म्हणजे ट्युना, तारली, असल्या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, मासा गरम राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, त्यानेच हा ॲलर्जीसारखा त्रास होतो, आणि एकदा झालं की तळा, उकडा, काही करा, ते जात नाही. त्याला वासही नसतो. युरोपला जाणाऱ्या असल्या माशांच्या प्रत्येक लॉटमधून 9 नमुने काढतात, त्यातल्या दोघांचं किलोला 100 मिलिग्रॅमच्या वर गेलेलं चालतं, 200 च्या वर एकाचंही नाही, आणि सरासरीसुद्धा 100 च्या आतच लागते. आणि आम्ही किनाऱ्यावरून थेट डिक्कीत! समुद्रातून नुकताच निघालेला, लिलावात डोळ्यांदेखत घेतलेला, याहून "आजचा" मासा अजून कुठला असणार सांगा.

असो. आता माशाकडे वळू.

डोळे आणि कल्ले हे सगळ्यांना माहीत असतं, फुगीर चमकदार डोळे आणि लाल कल्ले. बरोबर आहे पण डोळ्यांवर फार जाऊ नका, बर्फाला चिकटून राहिलेल्या चांगल्या माशाचे डोळेही पांढुरके होतात. कल्ले जास्त खरं बोलतात, बोटाने उघडून बघा, लाल किंवा गुलाबी आणि वर पातळ पारदर्शक चिकट थर असेल तर उत्तम, तपकिरी-राखाडी आणि घट्ट शेंबडासारखा थर असेल तर नको. आणि नाक तिथेच लावायचं, कल्ल्यांना. ताज्या माशाला "माशाचा" वास नसतोच, समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा, शेवाळाचा असतो, आपण ज्याला हिमूस वास म्हणतो तो जिवाणूंनी तयार केलेला असतो. लाज वाटते लोकांना, पण मावश्यांना सवय असते, फक्त एकेक मासा चिवडत बसू नका, घ्यायचा असेल तोच हातात घ्या नाहीतर ओरडा खाल आणि तो रास्त असेल.

मग बोटाने पाठीवर दाबायचं, खड्डा भरून आला पाहिजे. पोट बघायचं. तारली-बांगड्याचं पोट फुटलेलं असेल तर घेऊ नका, त्यांच्या आतड्यातलेच रस पोट खातात, विशेषतः खाऊन टम्म असताना पकडले गेले की लवकर.

पापलेटला आमच्याकडे कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबून बघतात, पांढरं दुधासारखं पाणी आलं तर घ्यायचं, लालसर आलं तर ठेवून द्यायचं. खवलं जागेवर असलेलं आणि चंदेरी अंग न सोललेलं घ्या. (पापलेट 2023 पासून राज्य मासा झालाय आपला, त्यामुळे भावात आणखी मान!) सुरमई बहुतेक वेळा तुकड्यांतच मिळते तेव्हा मधल्या काट्याजवळ बघा, तिथलं रक्त लाल हवं, चॉकलेटी झालं असेल किंवा मांस काट्यापासून सुटलं असेल तर तो तुकडा जुना. आधीच कापून ठेवलेल्या ढिगातून घेऊ नका, अख्खी दाखवा आणि समोर कापून द्या म्हणा. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट हवं, काळं पडून लोंबत असेल तर उतरलेली. नुसती काळी झाक म्हणजे विष नाही, सालीखाली हवा लागून होतं ते, पण किती वेळ झालाय याचं ते घड्याळ असतं.

बोंबील पुण्यात घेताना मी सगळ्यात जास्त घाबरते. त्याच्या अंगात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच, मासा कसला, खारा बर्फगोळा म्हणा, आणि तो किती लवकर सांडतो ते वसई-सातपाटीकडच्या लोकांना विचारा. जबडा आतून गुलाबी आणि अंग चकचकीत, आकार धरून असेल तर घ्या, लिबलिबीत आणि पिवळट असेल तर सुका बोंबील आणून कालवण करा, जास्त आनंद मिळेल. मोरीला (छोट्या शार्कला) थोडा अमोनियाचा वास मुळातच येतो, तिच्या रक्तामांसात युरिया असतो, नाकाला झोंबायला लागला तर सोडा.

तिसऱ्या (शिंपले) आणि खेकडे जिवंतच. तिसरीचं तोंड उघडं असेल तर टिचकी मारा, मिटली तर घ्या, आणि शिजवल्यावरही जी उघडणार नाही ती फेकून द्या. मेलेली चिंबोरी, म्हणजे खेकडा, कुणी फुकट दिली तरी नको. अमावस्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ असं आमच्याकडे सगळे म्हणतात, मी मात्र वजनावर जाते, आकाराच्या मानाने जड लागली की भरलेली.

आता फॉर्मालिन. हे पूर्ण अफवा नाही. जून 2018 मध्ये केरळात चेकपोस्टवर फॉर्मालिन लावलेले मासे मोठ्या प्रमाणात पकडले होते, पाठोपाठ जुलैत मडगावच्या घाऊक बाजारात बाहेरून आलेल्या मालावरून गोव्यात गदारोळ झाला आणि काही दिवस बाहेरचे मासेच बंद केले होते सरकारने. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्यासाठी कागदी पट्टीची टेस्ट काढली, माशावर पट्टी घासायची, वर थेंब टाकायचा, रंग बघायचा, अमोनियाचीही तशीच आहे. पण तुमच्या व्हॉट्सॲपवर येतं ना की माशी बसत नसेल तर फॉर्मालिन, ते मनावर घेऊ नका, भरपूर बर्फात असलेल्या माशावरही माशा फारशा बसत नाहीत, म्हणजे नेमका चांगला मासा सोडून याल. दुसरं म्हणजे बोंबलात फॉर्माल्डिहाइड (फॉर्मालिनमधलं मूळ रसायन) निसर्गतःच तयार होतं, त्यामुळे त्याच्यावरून निष्कर्ष काढणं अवघड. मला शंका कधी येते? बर्फाचा पत्ता नाही, मासा रबरासारखा कडक, डोळे बसलेले आणि कल्ले फिके, तरी वास मात्र कसलाच नाही, ना समुद्राचा ना सडका. असं एकमेकांशी न जुळणारं दिसलं की मी निघते. बाकी रोजच्या बाजारात बर्फ कमी पडलेला मासा हा फॉर्मालिनपेक्षा शंभर पटीने जास्त भेटतो, आजारी पडाल तर त्याने पडाल.

हंगामाचंही बघा जरा. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, 61 दिवस. बिगरयांत्रिक छोट्या होड्यांना सूट असते पण त्यांचा माल किती, तो किनाऱ्यावरच संपतो. त्यामुळे जुलैत पुण्यात भलीमोठी सुरमई "आजची" म्हणून दिसली तर ती एकतर फ्रोजन आहे नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून आलीय, तिकडची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते म्हणून जूनच्या मध्यानंतर तिकडचा माल सुरू होतो. त्यात वाईट काही नाही हो, फक्त फ्रोजन वितळवून ताज्याच्या भावात विकतात त्याचा राग येतो. वितळवलेल्या तुकड्यातून पाणी सुटत राहतं आणि दाबल्यावर खड्डा तसाच राहतो, त्यावरून कळतं. त्यापेक्षा त्या दोन महिन्यांत उजनीची चिलापी खा, भिगवणकडून येते, किंवा तुमच्या सवयीचे रोहू-कटला, ते बरेचसे आंध्रातून थर्माकोलच्या पेट्यांत बर्फ घालून येतात, आणि खरं सांगायचं तर पॅकिंग त्यांचं आपल्या किनाऱ्यावरच्यापेक्षा नीट असतं हे कबूल करायला कोकणी माणसाला जड जातं.

वार म्हणाल तर रविवारी माल भरपूर पण गर्दीत काही बघता येत नाही. सोमवारी बरेच लोक खात नाहीत म्हणून रविवारचा उरलेला माल मंगळवारी फळीवर असू शकतो. मी बुधवारी किंवा शुक्रवारी सकाळी जाते.

आणि आता तुम्ही. बाजारातून घरापर्यंतचा अर्धा तास स्कूटरच्या हुकाला लटकलेली काळी पिशवी, मग "जरा चहा घेते आणि मग बघते", यात मावशीने आणि बोटवाल्यांनी आठवडाभर राखलेलं सगळं जातं. बाजाराला जाताना झाकणाचा एक डबा किंवा आइस्क्रीमवाल्यांकडे असते तशी जाड बॅग न्या आणि मूठभर बर्फ मागून घ्या. साफ करूनच आणा, कल्ले आणि आतडी काढली की निम्मी घाण गेली. घरी आल्यावर थंड पाण्याने एकदाच धुवा, निथळा, झाकणाच्या डब्यात फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत खाऊन टाका. हळद-मीठ-आगळ (कोकमाचा रस) लावून ठेवलं की दोन दिवस टिकतं हा गैरसमज आहे, आगळाने मांस घट्ट होतं म्हणून टिकल्यासारखं वाटतं. जास्त आणले तर पहिल्याच दिवशी फ्रीजरमध्ये टाका, तिसऱ्या दिवशी "आता खराब होतील" म्हणून नाही. कोळंबी डब्यात पाण्यात बुडवून गोठवली तर कोरडी पडत नाही. पापलेट महिनाभर बरं राहतं, बांगडा-तारली तेलकट म्हणून लवकर खवट होतात, त्या गोठवूच नका. वितळवायचे आदल्या रात्री फ्रीजमध्येच, ओट्यावर नाही.

डबा घेऊन गेलात की पहिल्यांदा हसतील. माझ्या नेहमीच्या मावशी हसल्या होत्या, म्हणाल्या, "मुलाचा टिफिन आनलास काय?" आता मी गेले की डबा हातातून घेऊन आधी तळाला चुरा घालतात आणि मग विचारतात काय देऊ.